माझा काटा वादळावरच असतो

"टिचकी मार. हलकी, झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावी तशी. मग तीन श्वास थांब. मग वाच. आणि वाचलंस की लगेच लिही. डोक्यात ठेवलेला आकडा आणि ओंजळीत धरलेलं पाणी, दोन्ही सारखीच."

हा आवाज आबांचा. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, पण रोज सकाळी खोलीचं कुलूप निघालं की मला पहिल्यांदा तोच ऐकू येतो.

मित्रांनो, मी एक जुना वायुदाबमापक आहे. हवेचा दाब मोजतो. मी घड्याळ नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझं निम्मं आयुष्य 'हे घड्याळ बंद पडलंय वाटतं' हेच ऐकण्यात गेलं आहे. गोल पितळी चेहरा, वर काच, आत आकडे आणि काटा, एवढं दिसलं की लोकांना पुढचं बघायचा कंटाळा येतो. अहो, एकच काटा आणि हजाराच्या वर आकडे असलेलं घड्याळ कुणी कधी पाहिलं आहे का? रंगारी आला, त्याने विचारलं, "ह्यात सेल कुठले बसतात?" नवा शिपाई आला, तो म्हणाला, "वेळ दाखवत नाही तर भिंत कशाला अडवलीय ह्यानं?" आता ह्यावर काय बोलावं! देवाने सहनशक्ती दिली आहे, म्हणून खिळ्यावर टिकून आहे.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने डोळ्याला भिंग लावून माझं पोट भरलं. भरलं म्हणण्यापेक्षा रिकामं केलं. माझ्या आत पातळ, नागमोडी पत्र्याची एक चपटी डबी आहे. तिच्यातली हवा काढून घेतलेली आहे. बाहेरच्या हवेने जोर केला की डबी दबते, जोर कमी झाला की फुगते. तिची ती केसभर हालचाल तरफा आणि साखळी मोठी करतात आणि काट्यापर्यंत पोचवतात. एवढंच माझं काम. मी आपलं मत सांगत नाही. हवा जशी टेकते तसं सांगतो.

पण त्या भल्या कारागिराने जाता जाता तबकडीवर चार शब्द लिहून ठेवले: वादळ, पाऊस, बदल, कोरडी हवा. समुद्रकाठच्या माणसाला दाब खूप उतरला की वादळ समजावं, म्हणून. मी पुढे डोंगरावरच्या गावात जाऊन पडणार हे त्याला कुठून ठाऊक असणार?

पेटीत भुसा भरून मला पाठवलं, ते थेट ह्या उंचावरच्या गावातल्या विद्यापीठात. समुद्रापासून सहाशे मीटर वर. उंचावर हवा विरळ, म्हणून दाब कमी. पेटी उघडली तेव्हा माझा काटा 'वादळ' ह्या शब्दावर जाऊन बसला होता, तो आजतागायत तिथून फारसा उठलेला नाही. बाहेर लख्ख ऊन, झाडाचं पान हलत नाही, आणि मी आपला वादळावर. प्रयोगशाळेतली मुलं पोट धरधरून हसायची. एकाने तर माझं नाव 'रडव्या' ठेवलं होतं. मित्रांनो, मी दाखवतो तो आकडा. शब्द माझा नाही. पण शब्द लांबून वाचता येतो आणि आकड्यासाठी जवळ येऊन मान वाकवावी लागते. मान वाकवायची माणसांना किती जड जाते, हे मी भिंतीवरून पुष्कळ पाहिलं आहे.

त्या प्रयोगशाळेत एकच माणूस मान वाकवायचा. ते आबा. भौतिकशास्त्र शिकवायचे, कोपरावर ठिगळ लावलेला कोट घालायचे आणि प्रयोगाआधी न चुकता मला टिचकी मारायचे. टिचकीने माझा अडखळलेला काटा मोकळा होतो. ते त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

एका वर्षी आबांनी विद्यापीठात नवा अभ्यासक्रम सुरू केला. वैद्यकीय भौतिकशास्त्र. पहिल्या वर्षी चार जण आले आणि चौघांच्याही घरी एकच प्रश्न होता. एका मुलीची आत्या तर तिला सोडायला येऊन वर्गाच्या दारातच उभी राहिली. "डॉक्टर होणार नाही, नर्स होणार नाही, मग भौतिकशास्त्र शिकून दवाखान्यात काय पंखे दुरुस्त करणार का ही?"

आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "आत्याबाई, डॉक्टर सांगतात अमुक इतकं औषध द्या. गोळी असेल तर मोजता येते, काढा असेल तर चमचा असतो. पण जे औषध दिसत नाही, ज्याला वास नाही, जे चमच्यात मावत नाही, ते सांगितलं तेवढंच गेलं का, हे कोण बघणार? ते ही बघणार."

"आणि चुकली तर?"

"म्हणून तर दोन वर्षं शिकवायचं आहे."

ती मुलं काय काय शिकली! हाडाचा फोटो काढताना किरण किती लागतात आणि किती कमी करता येतात. मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात माणूस निजला की त्याच्या अंगातलं पाणी कसं साद देतं. शरीरात सोडलेला किरणांचा कण कुठे जाऊन बसतो आणि किती दिवसांत विझतो. आणि कर्करोगाच्या गाठीवर किरणांचा मारा करताना शेजारच्या चांगल्या अवयवाला कसं वाचवायचं. मी भिंतीवरून सगळं ऐकत होतो. मला वाटायचं, ह्यात माझं काय काम? मी आपला हवेचा माणूस.

मग गावातल्या कर्करोगाच्या रुग्णालयात किरणांचं मोठं यंत्र आलं. आबांनी मला खिळ्यावरून काढलं, काखेत मारलं आणि चालत तिकडे नेलं. बरोबर ती आत्यावाली मुलगी होती. तिला आता सगळे 'बाई' म्हणतात, ती ह्याच रुग्णालयातल्या किरणोपचार विभागाची प्रमुख आहे. त्या दिवशी मात्र आबांपुढे हात बांधून उभी होती.

आबांनी तिला एक कांडी दाखवली. बोटाच्या पेराएवढी, आतून पोकळ, आत साधी हवा. ही कांडी पाण्याच्या टाकीत बुडवायची, कारण माणसाचं शरीरही बहुतेक पाणीच. वरून यंत्राचे किरण सोडायचे. कांडीतल्या हवेवर किरण पडले की वीज निर्माण होते, ती मोजायची. त्यावरून कळतं की यंत्र किती मात्रा देत आहे.

"पण कांडीला वर बारीक भोक आहे," आबा म्हणाले. "म्हणजे आतली हवा आणि बाहेरची हवा एकच. हवा विरळ झाली की कांडीत कण कमी. कण कमी की वीज कमी. यंत्र तेवढंच देत असतं, आपल्याला मात्र वाटतं कमी देतंय. मग काय करायचं?"

"हवेचा दाब बघून हिशेब सुधारायचा," बाई म्हणाली.

"कुणाला विचारून?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा क्षण. आयुष्यभर 'रडव्या' म्हणवून घेतलेल्याला कळलं की आपल्या एका आकड्यावर कुणाच्या घशातली, पोटातली, मेंदूतली मात्रा अवलंबून आहे.

आबांनी तेव्हाच बाईला ती टिचकी शिकवली आणि म्हणाले, "वचन दे. रोज. पहिला रुग्ण आत जायच्या आधी."

बाईने वचन दिलं आणि पाळलं. एखादीने रोजचा नेम पाळावा तसं. सकाळी हात धुवायची, माझ्यासमोर उभी राहायची, टिचकी, तीन श्वास, मग खालच्या खणातून वही काढून तारीख आणि आकडा. ताप असो, घरी पाहुणे असोत. वह्यांवर वह्या भरल्या. एकदा एका उत्साही वायरमनने माझ्या पाठीवरचा स्क्रू पाहिला. "बाई, हा उगाच वादळ दाखवतोय. थोडा पिळून सरळ करून देऊ?" बाई ओरडत नाहीत कधी. पण त्या दिवशी पेचकस त्याच्या हातातून काढून घेतला, मेणबत्ती पेटवली आणि स्क्रूवर लाखेचा थेंब सोडला. तो लाल थेंब अजून माझ्या पाठीवर आहे. कुणी कुंकू लावावं तसा.

आता माझ्या वैतागाची गोष्ट सांगतो.

काही वर्षांनी माझ्याच खालच्या टेबलावर एक नवा दाबमापक आला. चपटा, काळा, आकडे उजळून दाखवणारा. मला त्याचा मत्सर नाही. गुणी आहे तो. त्याला दरवर्षी तपासणीला पाठवायचे. डबा, कापूस, प्रमाणपत्र, सगळा थाट. मला? "ह्यालाही एकदा वेधशाळेत न्यायला हवं," असं बाई दरवर्षी म्हणायच्या, आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. सहा वर्षं झाली. बाईंचा वहीचा नेम चालू होता, पण बाकीच्यांनी माझ्या खिळ्यावर कोट टांगायला सुरुवात केली. मी दिवसचे दिवस कुणाच्या तरी कोटाच्या अस्तराकडे बघत काढायचो. सांगा, हवेचा दाब मोजायचा की बगलेचा घाम?

त्या कोटाखालून मला रोज बाहेर काढायची ती मावशी. विभागाची झाडलोट तिच्याकडे. कोट उचलायची, काच पुसायची आणि मला म्हणायची, "घुसमटलास का रे?" कोट अलीकडचे, काच मात्र ती अठरा वर्षं पुसत आली होती. शाळेत फारशी गेली नव्हती ती, पण पुसता पुसता माझा काटा कुठे असतो हे तिच्या डोळ्यांत बसलं होतं.

यंदा विद्यापीठातून एक मुलगी वर्षभराच्या प्रत्यक्ष कामासाठी आली. हुशार. सगळी पुस्तकं तोंडपाठ, कुठलाही प्रश्न विचारा, पान क्रमांकासकट उत्तर. म्हणून सगळे तिला 'पोथी' म्हणत. मनाने मात्र निर्मळ. आली त्याच महिन्यात मावशीला म्हणाली, "मावशी, तुमचा घसा किती दिवस बसलाय?"

"थंड पाणी प्यायले असेन."

"दोन महिने थंड पाणी? चला, दाखवू या."

"मेलं घशाचं काय एवढं! आधी फरशी वाळू दे."

पोथीने फरशी वाळू दिली नाही. ओल्या फरशीवरून हात धरून तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. गाठ निघाली, स्वरयंत्रावर. लहान होती, वेळेत सापडली. तेहतीस दिवस किरण द्यायचे ठरले. "आवाज परत येईल," डॉक्टर म्हणाले, "मात्रा नेमकी जायला हवी." जिथे अठरा वर्षं फरशी पुसली तिथेच मावशी आता रोज सकाळी पहिल्या नंबरला पलंगावर निजू लागली. अकरा दिवस झाले होते. बावीस राहिले होते.

आणि त्या आठवड्यात एकदम सगळंच जुळून आलं. बाई लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या. काळ्या चपट्याला तपासणीला पाठवलं. आणि यंत्राच्या डोक्यातला, किरण मोजून देणारा भाग बिघडला. कंपनीचा माणूस येऊन रविवारी नवा भाग बसवून गेला. नवा भाग म्हणजे मात्रा पुन्हा पहिल्यापासून मोजून बसवायची. फोनवर बाई एवढंच म्हणाल्या, "दोघांनी वेगवेगळं मोजा. दोघांचं जुळलं तरच उद्या रुग्ण घ्या."

दोघं म्हणजे पोथी आणि तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असलेला भौतिकतज्ज्ञ. दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेण्याची त्याला सवय, म्हणून त्याला लंबू म्हणत.

रविवारी दुपारी लंबूने पाण्याची टाकी भरली, कांडी बुडवली आणि आतून ओरडला, "पोथे, दाब सांग!"

पोथी माझ्यासमोर आली. खरं सांगतो, टिचकी मारली तिने. तीन श्वासांऐवजी अर्धाच थांबली, पण आकडा बरोबर वाचला.

"नऊशे चव्वेचाळीस. अरे, पण हा वादळावर आहे. बाहेर बघ, ऊन पडलंय चांगलं."

"जुनाट आहे गं तो. मागे रंगाऱ्याने पाडला होता. फोनवर बघ ना."

तिने फोन काढला. "एक हजार बारा."

झालं. मित्रांनो, पुस्तकात हवेचा प्रमाण दाब दिलेला असतो, एक हजार तेरा. तो पोथीच्या जिभेवर नाचत होता. आणि फोनवर बारा! ओळखीचा चेहरा दिसला की माणूस चौकशी करत नाही, तसं झालं. फोनवरचा आकडा खोटा नव्हता. हवामानवाले सगळ्या गावांचा दाब 'हे गाव समुद्रकाठी असतं तर किती असता' असा करून सांगतात, म्हणजे नकाशावर डोंगर आणि किनारा शेजारी मांडता येतात. नकाशासाठी तेच योग्य. पण आमची कांडी नकाशावर नव्हती, सहाशे मीटर उंचीवर पाण्यात बुडाली होती! आणि सांगू का, हाच प्रश्न पोथीला परीक्षेत आला होता. पैकीच्या पैकी गुण होते. आता काय कपाळ बडवावं? मला कपाळ एकच, तेही काचेचं.

"अडुसष्टनं कमी दाखवतोय हा," पोथी म्हणाली. "कुणी चुकून वापरला तर केवढी गडबड होईल!" आणि तिने, अगदी काळजीने, कागदाची पट्टी कापली, त्यावर लाल अक्षरात 'नादुरुस्त' लिहिलं आणि माझ्या काचेवर चिकटवली. बरोबर काट्यावर.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी खरं बोललो म्हणून माझ्या तोंडाला पट्टी.

पुढचं मी पट्टीच्या कडेने पाहिलं. फोनच्या आकड्याने हिशेब केला तेव्हा यंत्र सात टक्के कमी देतंय असं निघालं. नवा भाग आहे, असणारच फरक, असं दोघांना वाटलं. त्यांनी यंत्र सात टक्क्यांनी चढवलं. मग बाईंच्या सांगण्याप्रमाणे लंबूने स्वतः, वेगळी कांडी घेऊन, पहिल्यापासून मोजलं. फक्त दाबाच्या रकान्यात पोथीचा आकडा उतरवून घेतला. दोघांचं अगदी तंतोतंत जुळलं. का नाही जुळणार? दोघांनी दोनदा मोजलं, पण हवेला एकदाच विचारलं, आणि तेही भलत्याच गावच्या.

"शाब्बास पोथे," लंबू म्हणाला आणि जाताना चौकटीला डोकं आपटून गेला. मनात म्हटलं, जरा जोरात लागायला हवं होतं. देव क्षमा करो.

ती रात्र मी कशी काढली ते विचारू नका. सात टक्के ऐकायला किती लहान वाटतं! पण घशासारखी नाजूक जागा, आणि बावीस दिवस, रोज. तिच्या मागे रांगेत आणखी तीस माणसं. मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. जे होतं त्यावर पट्टी.

सोमवारी सकाळी पावणेआठला पोथी आणि लंबू यंत्र तापवत होते. मावशी आपल्या वेळेवर आली. ती रजेवर होती, रुग्ण म्हणून आली होती, पण हात कुठे ऐकतात? बाहेर बाकावर बसायचं सोडून आत आली, कोट उचलला, पदराने काच पुसायला गेली आणि थांबली.

"ह्याला काय झालं गं?" आवाज असा की कागदावर कागद घासावा.

"बिघडलाय मावशी," पोथी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "तुम्ही बसा बाहेर, बोलू नका जास्त."

"कधी बिघडला?"

"कुणास ठाऊक. काल पाहिलं तर काटा भलतीकडेच."

मावशीने पट्टीची कड नखाने उचलली आणि आत डोकावली. "भलतीकडे कुठे? आपल्या जागीच तर आहे."

लंबू हसला. "मावशी, तो वादळ दाखवतोय!"

"अठरा वर्षं वादळच दाखवतोय बाबा. मला वाचता येत नाही, पण नऊ ओळखते मी. ह्याचा आकडा नऊनेच सुरू होतो, रोज. बाई वहीत लिहितात ना. तुम्ही कुठला लिहिलात?"

पोथीने मान वळवली. मग खुर्ची मागे सारून माझ्याखालचा खण उघडला. वही काढली. नऊशे त्रेचाळीस. नऊशे सेहेचाळीस. नऊशे एकेचाळीस. पान उलटलं. मागची वही काढली, त्याच्या मागची. एके वर्षी काळ्या चपट्याचाही रकाना सुरू होत होता, माझ्या शेजारी, त्यात माझ्याहून एकदोनाचा फरक. सगळे नऊशेचे. अठरा वर्षांत एकदासुद्धा एक हजार बारा नव्हता.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "उंची," ती म्हणाली. "लंबूदादा, उंची. फोनवरचा समुद्राचा आहे."

"पण मी वेगळं मोजलं होतं..." लंबू म्हणाला आणि दाबाच्या रकान्याकडे बघत राहिला. "नाही. नव्हतं मोजलं."

"म्हणजे यंत्र सात टक्के जास्त चढवलंय आपण."

मावशीला टक्के कळले नाहीत, पण चेहरे कळले. "मी जाऊ का आत?" तिने विचारलं.

"नाही!" पोथी एवढ्याने ओरडली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

मग तिने बाईंना फोन लावला. बाईंचा आवाज फोनमधून जेमतेम येत होता.

"रुग्ण आत गेला का?"

"नाही बाई. पण जाणार होता. मावशीच..."

"गेला नाही ना? मग आधी श्वास घे. तीन. घेतलास? आता बाहेर जाऊन लोकांना तूच सांग की उशीर होईल आणि का होईल. दुसऱ्याला पाठवू नकोस. मग पुन्हा मोजा. आणि काय झालं ते जसं झालं तसं लिहून ठेव, नटवू नकोस, लपवू नकोस." पुढे त्या म्हणाल्या, "माझंही लिही. मी त्याला सहा वर्षं तपासून आणला नाही. आणला असता, तर तुला वापरायला धीर झाला असता."

पोथी बाहेर गेली. "काल यंत्र बसवताना माझी चूक झाली," ती म्हणाली. "कुणाला काही इजा झालेली नाही, पण पुन्हा मोजल्याशिवाय आम्ही सुरू करणार नाही." एक काका चिडले, "सकाळपासून उपाशीपोटी आलोय आम्ही!" दुसरे म्हणाले, "अहो, नीट मोजू दे की तिला, घाई कसली." तिने दोघांचंही खाली मान घालून ऐकलं.

आत आल्यावर पट्टी काढली. अर्धी निघाली, अर्धी काचेलाच राहिली. टिचकी. एक श्वास, दोन, तीन. नऊशे बेचाळीस, तिने मनातच वाचलं आणि लिहिलं. लंबूने तिचा कागद पालथा घातला आणि स्वतः येऊन माझ्यासमोर गुडघ्यात वाकला. "बेचाळीस," तो म्हणाला. "मी वाचलं हं, मी."

पण मुलगी शहाणी झाली होती. लगेच माझ्यावरही भाळली नाही. दुसऱ्या रुग्णालयातून त्यांचा तपासलेला मापक मागवला, तो येईपर्यंत थांबली, आमच्या दोघांचा मेळ बसवला आणि मगच हिशेब केला. यंत्र सात टक्के खाली आणलं. दुपारी बाराला मावशी बारावा दिवस घ्यायला पलंगावर निजली, आणि डॉक्टरांनी सांगितली होती तेवढीच मात्रा तिच्या घशाला गेली.

बाहेर आल्यावर मावशी पोथीजवळ थांबली. पोथीचे डोळे भरले होते. "मावशी, मला माफ करा."

"माफ कशाचं? माझा आवाज बसला तेव्हा तू माझ्यावर चिठ्ठी नाही चिकटवलीस. हाताला धरून तपासायला नेलंस. मग ह्याला का नाही नेलंस?"

पोथीने माझ्या काचेवर उरलेल्या पट्टीकडे पाहिलं. ह्या प्रश्नाला पान क्रमांक नव्हता.

"नेशील?"

"नेईन. सुट्टी मिळाली की पहिली तीच फेरी."

मित्रांनो, माझ्या म्हातारपणाचं गाऱ्हाणं मी तुमच्यापुढे मांडलं. जुन्या वस्तूंना पुजा असं मी म्हणत नाही. पुजून मला काय मिळणार? जुनं आहे म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका, आणि जुनं आहे म्हणून टाकूही नका. तपासा. वस्तूला तपासा, माणसाला तपासा, स्वतःच्या पाठांतरालाही तपासा. आणि दुसऱ्याने मोजलेलं उतरवून घेऊन 'मीही मोजलं' असं म्हणू नका. ह्या एका गोष्टीचा मला किती वैताग आहे, ते आता तुम्हाला कळलं असेल. आणि हो, कोट टांगायला वेगळा खिळा ठोका. फार महाग नसतो.

शनिवारी विभाग बंद असतो. सकाळी कुलूप निघालं. मला वाटलं मावशीच्या जागी आलेली नवी बाई असेल. पण पोथी होती, एकटी. तिने हात धुतले. काचेवर राहिलेला पट्टीचा चिकटा ओल्या फडक्याने हळूहळू काढला. वहीत तारीख घालून लिहिलं, 'वेधशाळेत तपासायला नेला आहे. परत येईल.' मग खिळ्यावरून मला काढलं, मावशीच्या धुतलेल्या पुसण्यात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना उतरली.

वेधशाळा गावाच्या खालच्या टोकाला आहे. पोथी बसमध्ये खिडकीशी बसली, मी तिच्या मांडीवर. शेजारच्या आजोबांनी फडक्यातून डोकावून विचारलं, "घड्याळ दुरुस्तीला का?"

"घड्याळ नाही आजोबा," ती म्हणाली. "दाब सांगतो हा. हवेचा."

बस उताराला लागली. वळणामागून वळण, आणि माझ्या पोटातली डबी हळूहळू दबत गेली. पोथीने फडकं बाजूला केलं. हलकी टिचकी मारली. तीन श्वास थांबली. मग मान वाकवली.

काटा केसभर वर चढला होता.